घड्याळाची स्टीलची चेन घरी लहान करताना: खाऱ्या हवेतल्या माणसांसाठी

गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी घरातल्या कुणाला तरी घड्याळ आणतो आणि ते हमखास ढगळ होतं. ज्याच्या मनगटाला लावून बघितलं तो दादरला, ज्याच्यासाठी घेतलं तो मालवणला. दुसरं काय होणार? आमच्या काकांना त्यांच्या मुलाने असंच एक स्टीलच्या चेनचं घड्याळ आणलं. काकांनी ते घातलं, हात वर केला आणि घड्याळ सरळ कोपरापाशी जाऊन बसलं. "ह्यां हातात रवणा नाय," एवढंच म्हणून त्यांनी ते काढून फळीवर ठेवलं. बाजारातला घड्याळवाला स्वतःच्या घरच्या गणपतीत गुंतलेला, दुकानाला कुलूप. शेवटी मीच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून वाडीतली, पाहुण्यांची, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जाणाऱ्या पोरांची घड्याळं माझ्याकडे येत राहिली आहेत. काम अवघड नाही. पहिल्या वेळी तासभर जाईल, हात बसल्यावर दहा-पंधरा मिनिटं पुरतात. इंटरनेटवरच्या व्हिडिओंत पिन लोण्यातून निघावी तशी निघते. आपल्याकडे दोन पावसाळे घातलेल्या चेनची पिन तशी निघत नाही, आणि नवशिका नेमका तिथेच हातोडी उचलतो. म्हणून हा लेख जरा आपल्या हवेच्या हिशेबाने लिहितो आहे.

आधी लॉक बघा

कड्या काढायच्या विचाराला लागण्याआधी लॉक उघडून त्याच्या कडेला बघा. बऱ्याच चेनच्या लॉकवर बाजूला तीन, चार किंवा सहा बारीक भोकं एका ओळीत असतात. त्यांतल्या एका भोकात स्प्रिंगची काडी अडकलेली असते आणि तिच्याच आधाराने चेन लॉकला धरलेली असते. काडीचं टोक टोकदार वस्तूने आत दाबायचं, काडी पुढच्या भोकात सरकवायची, दुसरं टोकही तसंच बसवायचं. एका भोकाला दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. घड्याळ थोडंसंच सैल असेल तर एवढ्यावर काम संपलं.

हे करताना दुसऱ्या हाताचा अंगठा काडीवर ठेवा. आत स्प्रिंग असते, ती सुटली की काडी कुठे जाईल ते सांगता येत नाही. माझी एक थेट माजघरातल्या तांदळाच्या डब्यात गेली होती. आईला ती पुढच्या आठवड्यात तांदूळ निवडताना सापडली.

किती सैल हवं

आपल्याकडे एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात दुपारी मनगट सुजल्यासारखं होतं. पौषातल्या सकाळी, पहाटेच्या गारव्यात मापून चेन घट्ट केलीत, तर वैशाखात तीच चेन करकचून बसेल आणि कड्यांच्या मध्ये केस ओढले जातील. माप नेहमी दुपारनंतर घ्यावं, थोडं चालून-फिरून आल्यावर. लॉक लावल्यावर लॉक आणि मनगट यांच्या मध्ये करंगळी सहज जायला हवी. अंगठा जात असेल तर चेन सैल आहे, करंगळीही जात नसेल तर घट्ट आहे.

घामाचाही प्रश्न आहे. चेन कातडीला चिकटून राहिली की खाली घाम साठतो, हवा लागत नाही, आणि पावसाळ्यात तिथे खाज सुटते. पण सैलपणालाही मर्यादा हवी. रापणीचा दोर ओढणाऱ्या किंवा होडी ढकलणाऱ्या माणसाच्या हातात झुलणारं घड्याळ धोक्याचं, दोर चेनमध्ये अडकला तर मनगट सोलवटतं. अशा माणसाचं माप काढताना मी करंगळीच्या जागी करंगळीचं नुसतं टोक धरतो.

आता किती कड्या काढायच्या ते ठरवू. घड्याळ घाला, डायल मनगटाच्या बरोब्बर मध्ये आणा, हात उलटा करा. सैल पडलेली चेन लॉकच्या शेजारी चिमटीत धरा आणि घड्याळ हवं तेवढं घट्ट होईपर्यंत ओढा. चिमटीच्या वर घडी होऊन ज्या कड्या बाहेर आल्या तेवढ्या जास्त आहेत. त्या मोजा. साडेतीन वाटल्या तर तीनच काढा, उरलेली अर्धी लॉकच्या भोकांत भागते. जास्त काढलेली कडी परत लावणं म्हणजे तेच काम पुन्हा उलट्या बाजूने.

काकांच्या चेनच्या चार कड्या जास्त निघाल्या. सहाच्या बाजूच्या दोन आणि बाराच्या बाजूच्या दोन काढल्या. दोन्ही बाजूंनी सारख्या काढल्या की लॉक मनगटाच्या खाली मध्यावर राहतं. आकडा विषम आला तर जास्तीची कडी साधारणपणे सहाच्या बाजूची काढतात. तरी डोळ्यांनी बघून ठरवा: लॉक कुठल्या अंगाला झुकतं आहे, त्या हिशेबाने.

कडी कशाने जोडली आहे

चेन उलटी करा आणि आतली बाजू उजेडात धरा. काही कड्यांवर बारीक बाण कोरलेले दिसतील. बाण असलेल्या कड्याच काढायच्या असतात. डायलजवळच्या ज्या कड्यांवर बाण नाही त्या बहुधा निघण्यासाठी केलेल्याच नसतात, त्यांच्या मागे लागू नका. लॉकला चिकटलेली शेवटची कडीही तशीच राहू द्या.

मग कडीची बाजू बघा, म्हणजे चेनची कड. तिथे नुसता गोल ठिपका असेल तर आत पिन आहे. ठिपक्याच्या मध्ये उभी चीर असेल तर दोन शक्यता: तो स्क्रू असेल, नाहीतर दुमडलेल्या, म्हणजे तार मध्ये वाकवून केलेल्या, पिनेचं फाटकं टोक. फरक कळायला भिंग लागतं. भिंग नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. स्क्रूची खाच नीट, सरळ आणि पूर्ण आरपार असते. बाण दिसला तर ती पिनच. दुसऱ्या बाजूचाही फोटो काढा. हे फोटो पुसू नका, परत जोडताना काय कुठे होतं ते त्यावरच कळतं.

माझ्या हाताखालून गेलेल्या रोजच्या वापरातल्या बहुतेक घड्याळांत दुमडलेली पिन होती. सेइकोच्या आणि सिटिझनच्या काही चेनमध्ये पिन आणि तिच्यावर बारीक नळी, म्हणजे कॉलर, अशी जोडी असते. रोलेक्ससारख्या महागड्या घड्याळांत स्क्रू असतो. ती आपल्या वाडीत कमीच.

सामान

ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांना मिळणारा चेन लहान करायचा संच पुरतो. त्यात एक प्लास्टिकची घोडी असते, तिच्यात चेन उभी बसते आणि मळसूत्राची दांडी फिरवली की टोच्या पिनेला बाहेर ढकलतो. या स्वस्त घोडीचा टोच्या पहिल्याच अडलेल्या पिनेला वाकतो, म्हणून संच घेताना जास्तीचे टोचे सोबत आहेत ना ते बघा. वेगळे पोलादी टोचे मिळाले तर उत्तम. पिना बहुतेक एक मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीच्या असतात, टोच्या त्याहून किंचित बारीक हवा. जाड टोच्या भोकात अडकतो आणि भोकाची कड फुगवतो.

घोडी नसली तरी अडत नाही. शाळेतलं मोठं खोडरबर घ्या, त्यावर चेन आडवी ठेवा, पिन रबरात बाहेर येते. किंवा फणसाच्या लाकडाचा तुकडा घ्या, त्यात करवतीने चेन उभी राहील एवढी खाच करा आणि तळाशी पिन खाली पडायला भोक पाडा. माझं सगळं काम अजून त्यावरच चालतं. सेफ्टी पिन आणि शिवणाची सुई यांनी हे काम करू नका. सुई वाकत नाही, मोडते, आणि तिचं टोक डोळ्याच्या दिशेने उडतं. चष्मा असेल तर घाला, नसेल तर कुणाचा तरी मागून घ्या.

बाकी लागतं ते घरात असतं: बारीक नाकाची पक्कड, छोटी हातोडी, शिवणयंत्राचं तेल, जुना दातांचा ब्रश, एक पांढरा पंचा आणि नारळाची अर्धी करवंटी. पंचा खाली अंथरायला. करवंटीत काढलेल्या पिना आणि कड्या टाकायच्या: आतून गोल असल्यामुळे सगळं तळाशी जमतं आणि धक्का लागला तरी सांडत नाही. आमच्या पडवीला जांभ्याची फरशी आहे, त्या दगडाला जागोजागी भोकं. तिथे पडलेली पिन म्हणजे अर्पण. खळ्यात बसूनही हे काम करू नका. जरा चमकलं की कोंबडी टिपायला येते, हे मी पाहिलेलं आहे.

पडलेली पिन शोधायला चुंबक घ्यायचं अनेकांच्या मनात येतं. एक तर चांगल्या स्टेनलेस स्टीलला चुंबक बहुतेक धरतच नाही. दुसरं, चुंबक घड्याळाजवळ नेलं तर चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळातली केसासारखी स्प्रिंग चुंबकित होते आणि घड्याळ पुढे धावू लागतं. चुंबक फिरवायचंच असेल तर घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवून फिरवा.

पिन काढणं

चेन घड्याळापासून आधी वेगळी करता आली तर बरं. डायलच्या डब्याला वर-खाली जे दोन-दोन कान असतात, त्यांच्या मध्ये मागून बघितलं की स्प्रिंगच्या काडीची खाच दिसते. संचातल्या चिमट्यासारख्या टोकाच्या हत्याराने काडी आत दाबली की चेन सुटते. कानांना आधी चिकटपट्टी लावा, हत्यार घसरलं तर ओरखडा पट्टीवर पडेल. नवी, स्वच्छ चेन असेल तर ही पायरी वगळली तरी चालते. जुनी असेल तर वगळू नका, कारण पुढे ती पाण्यात घालायची आहे.

आता बाण. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची. बाणाची शेपटी ज्या बाजूला, तिथून टोच्या लावायचा, आणि बाणाचं टोक ज्या बाजूला, तिथून पिन निघणार. वाचायला सोपं, पण चेन उलटी धरून, घोडीत घालून, वर-खाली फिरवल्यावर दहापैकी तीन वेळा चूक होते. मी चेन घोडीत बसवल्यावर बाणाची दिशा मोठ्याने म्हणतो. घरचे हसतात.

चेन घोडीत अशी बसवा की टोच्या पिनेच्या बरोबर मध्यावर येईल. दांडी हळूहळू फिरवा. सुरुवातीला जोर लागतो, मग एकदम हलकं होतं: पिन हलली. टोच्या तिरका जाताना दिसला तर लगेच थांबा, उलटं फिरवा, पुन्हा सरळ लावा. पिन दुसऱ्या बाजूने दोन-तीन मिलिमीटर बाहेर आली की पक्कडीने धरा आणि सरळ ओढून काढा. ओढताना पिळू नका.

पिन हातात घेऊन बघा. केसात लावायच्या आकड्यासारखी ती असते: एक तार मध्ये दुमडलेली, एक टोक गोल आणि दुसरं फाटकं. फाटकं टोक किंचित फाकलेलं असतं आणि भोकाच्या भिंतीवर दाब देतं, म्हणून पिन जागची हलत नाही. काही चेनमध्ये अखंड पिन असते आणि तिचं एक टोक जाड किंवा खरबरीत असतं, तेच दाब देतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाण कशासाठी असतो ते कळतं. फाटकं टोक जिथून गेलं तिथूनच बाहेर यायला हवं, नाहीतर ते सगळं भोक खरवडत जाणार.

कड्या काढताना नवशिके एक गोष्ट विसरतात. एक कडी काढायला दोन पिना काढाव्या लागतात, कडीच्या दोन्ही बाजूंच्या. सलग दोन कड्या काढायच्या असतील तरी पिना दोनच, त्या जोडीच्या दोन टोकांच्या. मधली पिन काढायची गरज नाही, जोडी एकत्रच ठेवा.

पिन हलतच नाही

स्टीलची चेन गंजत नाही, असं दुकानदार सांगतो. ते चेनपुरतं बहुतांशी खरं. पिनेचं तसं नसतं.

स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर बनवतं आणि तो थर धातूला वाचवतो. मीठ म्हणजे क्लोराइड, आणि क्लोराइड या थराला भोकं पाडतं. मोकळ्या पृष्ठभागावर थर पुन्हा बनतो. पण पिनेच्या भोकासारख्या बंद फटीत हवा जात नाही, घाम आणि खारं पाणी मात्र जातं आणि तिथेच राहतं. मग फटीत गंज चढतो. चांगल्या घड्याळांत वापरलं जाणारं ३१६ एल जातीचं स्टील यात बरं टिकतं, कारण त्यात दोन-तीन टक्के मोलिब्डेनम असतं. भांड्यांना वापरतात त्या ३०४ जातीत ते नसतं. स्वस्त घड्याळाची कडी बाहेरून कितीही चकचकीत असली तरी आतली पिन साध्या तारेची निघू शकते. काही चेन तर मुळात पितळेवर मुलामा दिलेल्या असतात. घामाने मुलामा उडाला की मनगटावर हिरवट वळ उमटतो, तो पितळेतल्या तांब्याचा.

माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. वडिलांच्या जुन्या घड्याळाची पिन निघेना म्हणून मी टोच्यावर हातोडी मारली. निघेना म्हणून अजून जोरात मारली. पिनेचं डोकं चेपून अळंबीसारखं पसरलं, मग ती ना पुढे ना मागे. शेवटी घड्याळवाल्याने ती कडी कापून काढली. घावाने पिन सुटत नाही, पसरते. आधी मीठ विरघळवायचं असतं.

नुसती चेन, घड्याळाशिवाय, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून तासभर भिजत ठेवा. मग प्रत्येक सांध्यावर ब्रश फिरवा आणि कडी मागेपुढे हलवा. काळसर चिखल निघेल, तो घाम, कातडीचा मळ आणि मीठ. एकदा अशी चेन धुताना पाण्याचा रंग पाहून आई म्हणाली, "गो बाय, ह्यां हातात घालतत?" पाणी दोनदा बदला, शेवटी गोड्या पाण्यातून काढा, पंच्याने टिपा आणि पंख्याखाली पूर्ण सुकवा. अनेकदा एवढ्याने पिन सुटते.

नाही सुटली तर पिनेच्या दोन्ही तोंडांवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी चेन चहाच्या वाफाळत्या पाण्यात, म्हणजे नुसत्या गरम पाण्यात, दोन मिनिटं धरा, पुसा आणि लगेच घोडीत लावा. उष्णतेने धातू थोडा प्रसरण पावतो, आणि गंज-मीठ यांची पकड ढिली होते. तीन रात्री तेल टाकूनही हलली नाही, तर ती पिन तुमच्यासाठी नाही. घड्याळवाल्याकडे जा. तिथे पन्नास-शंभर रुपये देण्यात कमीपणा नाही.

तेलावरून एक सांगायचं राहिलं. घरात खोबरेल असतं आणि पहिला हात तिकडेच जातो. खोबरेल लावू नका. त्यावर धूळ आणि वाळू बसते, आणि दोन महिन्यांनी सांधे पहिल्यापेक्षा आवळतात. तसंच आमसूल. आमसुलाच्या चोथ्याने तांब्याची भांडी लख्ख होतात, म्हणून एका वहिनीने घड्याळाची चेनही त्यानेच घासली. सोनेरी मुलाम्याची होती ती. आंबट आणि मीठ, दोन्ही मिळून मुलाम्याचं काय करतात ते त्यांना दुसऱ्या दिवशी दिसलं.

कॉलरवाली चेन

हिच्यात पिन अखंड, सरळ असते आणि ती स्वतः दाब देत नाही. तिला धरून ठेवते ती कडीच्या मधल्या भागात बसलेली एक छोटीशी नळी. पिन बाहेर काढली की नळी सुटते आणि पडते. ती तांदळाच्या कणीएवढी असते, कधी त्याहून लहान. पहिल्यांदा माझ्या हातून ती पडली तेव्हा मला वाटलं पिनेचा गंज निघाला, आणि मी फुंकर मारली. मग जांभ्याच्या फरशीवर टॉर्च लावून तासभर. सापडली नाही.

नळीशिवाय पिन घातली तर घड्याळ हातात टिकेल असं वाटतं आणि दोन दिवसांनी ती पिन आपोआप सरकून बाहेर येते. म्हणून अशी चेन पंच्यावर, करवंटीच्या अगदी वर धरूनच उघडा. फोटोवर नळी कुठल्या बाजूला होती ते बघा. जोडताना नळी आधी मधल्या भागाच्या भोकात ठेवा, मग कड्या जुळवा, मग पिन आत घाला आणि शेवटी हातोडीने हळू ठोकून बसवा. पिन नळीत शिरताना एकदा अडकल्यासारखी होते, मग पुढे जाते. ते अडकणं हाताला जाणवलं नाही तर नळी जागेवर नाही, पुन्हा उघडा.

स्क्रू, जुन्या चेन आणि कॅसिओ

स्क्रूला दोनच नियम. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण भरायला हवं, अरुंद पात्याने खाच खराब होते. आणि कारखान्यात स्क्रूला चिकटवणारा द्रव लावलेला असू शकतो, म्हणून तो अडला तर केस वाळवायच्या यंत्राने कडी गरम करून मग फिरवा. परत लावताना मध्यम ताकदीच्या निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे तशाच चिकटवणाऱ्या द्रवाचा, टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरे. दोन्ही बाजूंनी स्क्रू असलेल्या कड्यांना दोन स्क्रूड्रायव्हर लागतात, दुसऱ्या बाजूचा धरून ठेवायला.

जुन्या एचएमटी घड्याळांना अनेकदा पत्रा दुमडून केलेल्या पोकळ कड्यांची चेन असते. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला घड्याळं करायला सुरुवात केली. कोकणातल्या कित्येक घरांत आजोबांचं असं घड्याळ अजून कपाटात आहे. या पोकळ कडीचा दुमडलेला पत्रा पातळ पात्याने उचलायचा, कडी मोकळी करायची आणि पत्रा परत दाबायचा. पत्रा दोन-तीन वेळाच दुमडणं सोसतो, मग तुटतो. आजोबांच्या वस्तूवर हात शिकू नका. स्प्रिंगच्या ताणणाऱ्या पट्ट्याचं तसंच: कड्या आतून चिमट्यांनी विणलेल्या असतात, तो घड्याळवाल्याला द्या.

चौकोनी आकड्यांच्या कॅसिओची स्टीलची पट्टी आणि जाळीची पट्टी सगळ्यांत सोपी. त्यांच्यात काही काढायचंच नसतं. लॉकच्या पाठीमागची छोटी पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचलायची, लॉक हवं तिथे सरकवायचं, पट्टी दाबून बंद करायची.

परत जोडणं

दुमडलेली पिन उलट्या दिशेने जाते: बाणाच्या टोकाच्या बाजूने आत, बाणाच्या विरुद्ध. गोल टोक आधी, फाटकं टोक शेवटी. कड्या एकमेकींत बसवा, उजेडाकडे धरून भोकं एका रेषेत आली का बघा, मगच पिन घाला. हाताने तीन-चतुर्थांश आत गेली पाहिजे. नाही गेली तर भोकं जुळलेली नाहीत, जोर लावू नका. उरलेली छोट्या हातोडीने, मध्ये लाकडाचा तुकडा धरून, टिकटिक असे हलके घाव घालत बसवा. शेवटचा मिलिमीटर टोच्याने.

पिन सरळ, सहज आत गेली आणि तशीच सहज मागे आली, तर ती सैल झाली आहे. सुरीचं टोक फाटक्या फटीत घालून किंचित फाकवा आणि पुन्हा बसवा. वाकलेली किंवा गंजलेली पिन परत वापरू नका. काढलेल्या कड्यांबरोबर जास्तीच्या पिनाही तुमच्याकडे उरतात, त्यांतली चांगली घ्या.

बसवल्यावर कडेवरून नख फिरवा. दोन्ही बाजूंना नख अडता कामा नये. अडलं तर पिन बाहेर आहे. शर्टाची बाही आणि पोराचा गाल, दोन्ही ओरबाडणार. चेन दोन्ही हातांनी धरून गादीवर ओढा, झटका द्या, कडी पिळून बघा. घड्याळ पडलं तर गादीवर पडेल. मग दिवसभर घरातच घाला, संध्याकाळी पुन्हा नख फिरवा. तारकर्लीला पाण्यात उतरणार असाल तर त्याआधी चार दिवस तरी जमिनीवर वापरा.

पुढे खाऱ्या पाण्यातून आलात की घड्याळ गोड्या पाण्याने धुवायचं, अर्थात घड्याळ पाणी सोसणारं असेल आणि त्याची चावी आत दाबलेली असेल तर. पाणी न सोसणाऱ्याची चेन ओल्या फडक्याने पुसायची. पावसाळ्यात कपाटात ठेवताना ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतला ओलावा आतच राहतो आणि भाद्रपदात पिना पुन्हा गच्च झालेल्या असतात.

काढलेल्या कड्या आणि पिना कागदाच्या पुडीत बांधून, पुडीवर घड्याळाचं नाव लिहून, घड्याळाच्याच खोक्यात ठेवा. काकांच्या चार कड्यांची पुडी दोन वर्षांनी उघडावी लागली. आजारातून उठल्यावर त्यांची तब्येत सुधारली आणि घड्याळ करंगळीलाही वाट देईना. त्यांतली एक परत बसवली, तीन अजून खोक्यात आहेत.